कॅथीड्रलच्या मागचं अंगण

आता तिथे म्हणे रेस्टॉरंट होणार. वरच्या अंगाला फ्लॅट, खाली रेस्टॉरंट, आणि जिथे वेदी होती तिथे बार. मी निखिलला म्हटलं, बरंच झालं, निदान माणसं तरी येतील. निखिल माझा मुलगा. त्याला माझे असले टोमणे पाठ आहेत, त्यामुळे तो हसलाही नाही. गाडी रस्त्याच्या कडेला लावून तो फोनवर त्याच्या बेलव्ह्यूच्या ऑफिसशी बोलत होता आणि मी काच खाली करून त्या दगडी इमारतीकडे बघत बसले होते. जवळजवळ पन्नास वर्षांनी बघत होते. रंगीत काचा काढून नेलेल्या, त्या जागी फळ्या ठोकलेल्या. दारावरचा कोनाडा रिकामा. मनोऱ्यात घंटा नाही. मला वाटलं होतं, बघितल्याबरोबर रडू फुटेल. कसलं काय! पहिला विचार आला तो हा, की पायऱ्या मला आठवतात त्यापेक्षा कमीच आहेत.

ही बातमी महिन्यापूर्वी निखिलनेच मला फोनवर पाठवली होती. तू आणि बाबा इथेच राहायचात ना, एवढंच त्याने विचारलं होतं. शिकागोजवळचं माझं घर आता विकायला काढलंय, जूनमध्ये मी कायमची त्याच्याकडे जाणार, म्हणून हल्ली तो मला जुनं काहीबाही पाठवत असतो. मी अक्षरं मोठी करून बातमी शेवटपर्यंत वाचली. शेवटी लिहिलं होतं की इमारतीच्या मागच्या अंगणात ज्यांची माणसं पुरलेली आहेत त्यांनी येऊन नाव सांगावं, म्हणजे त्यांना गावाबाहेरच्या दफनभूमीत वेगळी जागा मिळेल. ज्यांच्यासाठी कुणीच येणार नाही त्यांना एका जागी एकत्र ठेवतील.

त्या अंगणात माझी मुलगी आहे. नऊ दिवसांची. ती तिथे आहे हे तीनच माणसांना ठाऊक होतं. एक तिथले फादर, ते केव्हाच गेले. दुसरे आमचे हे, ते चार वर्षांपूर्वी गेले. तिसरी मी. निखिलला आम्ही कधी सांगितलं नाही, तो तिच्यानंतर चार वर्षांनी झाला. आणि नाव सांगा म्हणतात, तर तिला नावच नव्हतं. बारसं व्हायच्या आधीच ती गेली.

यांना इथल्या इस्पितळात नोकरी मिळाली म्हणून आम्ही या गावात आलो. साताऱ्याहून निघाले तेव्हा मला वाटलं होतं, अमेरिका म्हणजे उंच इमारती. आणि इथे बघते तर एक नदी, एक धान्याचं कोठार, आणि हे कॅथीड्रल. जानेवारी महिना. मिसिसिपीवरून असं धुकं यायचं की समोरचं घर दिसायचं नाही. हे सकाळी जायचे ते दुसऱ्या दिवशी संध्याकाळी परत, डोळे तांबारलेले, जेवता जेवता झोपायचे. अख्ख्या गावात मराठी बोलणारी मी एकटी. मी भाजी चिरताना मोठ्याने बोलायचे, नाहीतर तोंडाला गंज चढला असता. दुपारी बाराला घंटा वाजायची. ती ऐकली की मी कोट चढवून निघायचे, कारण घंटा म्हणजे देऊळ आणि देऊळ म्हणजे कुणीतरी बसलेलं असणारच, एवढंच माझं गणित होतं.

पहिल्या दिवशी मी दाराशी बूट काढले. सवयच ती. बाहेर गुडघाभर बर्फ, आणि ही बाई मोज्यांनी आत. बाकावर बसून बाहेर येते तो बूट जागेवर नाहीत. मनात म्हटलं, वा, इथेही देवळात चपला चोरतात. तेवढ्यात एक काटकुळे, पांढऱ्या भुवयांचे फादर समोर आले आणि त्यांनी मला हाताने खूण केली. माझे बूट त्यांनी भिंतीजवळच्या हीटरला टेकवून ठेवले होते. त्यानंतर मी जितक्यांदा गेले तितक्यांदा बूट काढले, आणि त्यांनी तितक्यांदा ते गरम करून ठेवले. मला कुणी सांगितलंच नाही की इथे काढायचे नसतात. त्यांनी तर नाहीच.

आत मेणाचा वास असायचा, ओल्या लोकरीचा, आणि जमिनीला लावायच्या पॉलिशचा. धूप आपल्यापेक्षा वेगळा, जरा कडवट. हीटरचे नळ मधूनच ठाण ठाण वाजायचे आणि मी दचकायचे. दुपारच्या उन्हात काचांचे लाल-निळे ठिपके बाकांवरून सरकत जायचे, ते माझ्या बाकापाशी आले की घरी जायची वेळ झाली असं मी धरायचे. ईस्टरच्या आधीच्या आठवड्यांत दर शुक्रवारी तळघरात मासे तळायचे, सगळं गाव लोटायचं. मी शाकाहारी. फादर मला कोपऱ्यात बसवून पाव आणि सफरचंदाचा गोड मुरंबा द्यायचे. तो वास आणि ती चव, दोन्ही मला पुन्हा कुठेही मिळाली नाहीत.

फादर मूळचे फ्रान्सचे. त्यांचं इंग्रजी माझ्याइतकंच अडखळत चालायचं, म्हणून आमचं छान जमलं. त्यांनीच मला या जागेचा सगळा इतिहास सांगितला, थोडा थोडा, चहाबरोबर. कातड्यांचा व्यापार करणाऱ्या फ्रेंचांनी हे गाव वसवलं. आधी ओंडक्यांचं एक खोपट बांधलं, त्यात क्रूस ठेवला. मग नदीकाठच्या कड्यातला दगड काढून हे उभं केलं. घंटा फ्रान्सहून जहाजाने आली, मग नदीतून बोटीने, आणि उतरवताना चिखलात रुतली, तेव्हा अख्खं गाव दोरीला लागलं. बिशप राहायला आला, त्याची उंच खुर्ची वेदीपाशी मांडली, आणि चर्चचं कॅथीड्रल झालं. मला तोवर वाटायचं, मोठं असतं ते कॅथीड्रल. फादर म्हणाले, नाही, बिशपची खुर्ची जिथे, ते कॅथीड्रल. मग एक दिवस बिशप मोठ्या शहरात गेला आणि खुर्ची बोटीत घालून बरोबर घेऊन गेला. का गेला ते फादरनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. गाव मात्र त्यानंतरही कॅथीड्रलच म्हणत राहिलं.

त्यांच्या स्वतःच्या गावचीही हीच कथा. दक्षिण फ्रान्समधल्या एका लहानशा गावात त्यांचा जन्म, आणि तिथेही एक जुनं कॅथीड्रल, बिशप नसलेलं. तिथे क्रांती झाली तेव्हा बिशप पळाला. मग आत गवताच्या गंज्या रचल्या, मग घोडे बांधले, मग कधीतरी झाडूनपुसून पुन्हा प्रार्थना सुरू झाली, पण खुर्ची काही परत आली नाही. फादर लहानपणी मित्रांबरोबर आत शिरून ती खुर्ची नेमकी कुठे होती ते शोधत बसायचे. एका ठिकाणची फरशी जरा कमी झिजलेली होती, तीच जागा असणार असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. गावातली एक म्हातारी त्या फरशीवर कुणाला पाय देऊ द्यायची नाही म्हणे. मी त्यांना सांगितलं, आमच्या साताऱ्याची गादी जाऊन किती काळ लोटला, पण आम्ही अजून राजधानी सातारा असंच म्हणतो, आणि कुणी हसलं तर भांडतो. त्यावर ते इतके हसले की त्यांना ठसका लागला. खुर्ची गेली की माणसाला कोण विचारतं म्हणतात, पण आम्ही दोघं गेलेल्या खुर्च्यांचीच माणसं होतो.

त्या वर्षी नवरात्रात मला चौथा महिना होता. घरी असते तर आईने देवीची ओटी भरायला नेलं असतं. इथे कुठली देवी? शिकागोच्या डेव्हन ॲव्हेन्यूवर तेव्हा आपली मोजून दोन-तीन दुकानं होती, तिथून सहा तासांच्या ड्राइव्हवरून यांनी नारळ आणला होता. तो, तांदूळ आणि माझ्याकडचा एक खण घेऊन मी कॅथीड्रलमध्ये गेले. तिथे मेरीची संगमरवरी मूर्ती होती, कडेवर मूल. म्हटलं, आईच आहे ना, मग झालं. पायांना हळद-कुंकू लावलं, ओटी भरली, नमस्कार केला. वळून बघते तो फादर मागे उभे. मला वाटलं, आता आपल्याला हाकलणार. मी तुटक्या इंग्रजीत सांगितलं की आई आहे, म्हणून दिलं. ते बराच वेळ मूर्तीच्या पायांकडे बघत राहिले आणि म्हणाले की आजवर तिच्याकडे सगळे मागायलाच आले. नारळाचं काय करायचं ते त्यांना कळेना, म्हणून तो महिनोन्महिने त्यांच्या टेबलावर बसून होता. कुंकू पुसलं गेलं. हळद काही गेली नाही. संगमरवरात मुरलेली हळद कुणाच्या बापाला निघते?

मुलगी झाली ती मार्च लागताना. खूप केस होते तिला. डावा कान किंचित दुमडलेला. रडायची नाही फारशी, नाकातून एक बारीक आवाज करायची. बाराव्या दिवशी बारसं ठरलं होतं. शिकागोहून चार मराठी कुटुंबं येणार होती, त्यातल्या एका काकूंना मी आत्या व्हायला सांगितलं होतं, म्हणजे कानात नाव सांगायला कुणीतरी हवं ना. सासूबाईंनी पत्रातून एक नाव कळवलं होतं. मी आधीच घुगऱ्यांचे हरभरे काढून ठेवले होते. त्या आठवड्यात नदीवरचा बर्फ फुटायला लागला होता, दिवसभर दुरून लाकूड मोडल्यासारखा आवाज यायचा. नवव्या दिवशी सकाळी मी तिला उचललं.

त्याबद्दल मी इतकंच सांगणार आहे.

लहान बाळांना आपल्यात अग्नी देत नाहीत, मातीत ठेवतात. इस्पितळातले म्हणाले, आम्ही सगळं बघतो. हे नाही म्हणाले. हे फादरकडे गेले. बाप्तिस्मा नाही, धर्म नाही, काही नाही, तरी फादरनी मागच्या अंगणात भिंतीलगत जागा दिली. मला कुणी नेलं नाही. बायका जात नाहीत, आणि मला उभंही राहवत नव्हतं. हे आले, हातांना माती होती, आणि म्हणाले, "तू अंघोळ करून घे." नाव ठेवलं नव्हतं, म्हणून सुतकही नाही, नुसती अंघोळ. मी गरम पाण्याखाली उभी राहिले आणि पाणी गार होईपर्यंत बाहेर आले नाही.

आणि मग बारावा दिवस. त्या एका दिवशी तरी यांनी घरी थांबावं असं मला वाटत होतं. मी तोंडाने बोलले नाही, पण इतकी वर्षं संसार केलेल्या माणसाला, बरं दोन वर्षंच झाली होती, तरी कळायला नको? सकाळी यांनी चांगला कोट घातला, टाय बांधला, इस्पितळात जाऊन येतो म्हणाले आणि गेले. मी पाळण्याच्या खोलीच्या दाराशी बसून राहिले. भिजवायचे हरभरे तसेच डब्यात. दुपारी घंटा वाजली तेव्हा मी कानांवर हात ठेवले. हे तासाभराने परत आले, कोट काढून खुंटीला लावला आणि झोपले. त्या दिवसापासून आमच्यात तिचा विषय निघाला नाही. एकदाही नाही. पुढच्या वर्षी आम्ही शिकागोकडे गेलो, निखिल झाला, घर झालं, मंडळ, गणपती, मित्रमंडळी, सगळं झालं. चांगला माणूस होता, सगळे म्हणतात, मीही म्हणते. पण त्या कोटाचा आणि टायचा राग मी पन्नास वर्षं मनात धरला. त्यांच्या शेवटच्या आजारपणात मी त्यांचे पाय चेपत होते तेव्हाही तो राग तिथेच होता, खोटं कशाला बोलू.

निखिलचा फोन संपला. मी म्हटलं, आता मला शेजारच्या गावातल्या चर्चच्या ऑफिसात ने. जुन्या वह्या तिकडे हलवल्यात, हे मी फोन करून आधीच विचारून घेतलं होतं. त्याने विचारलं, कशाला. मी म्हटलं, काम आहे. त्याने पुढे विचारलं नाही, त्याला वाटलं असणार की म्हातारपणी आईला इतिहासाचं वेड लागलंय.

ऑफिसात एक तरुण मुलगी होती, मऊ आवाजाची. तिने फॉर्म पुढे केला आणि विचारलं, कुणासाठी आलात, नाव काय. मी उभीच होते. निखिल माझ्याशेजारी उभा होता, हातात माझी पर्स. आडनाव सांगून झालं होतं, पुढचा शब्द निघेना. घरून मी ठरवून आले होते की ओळखीतल्या कुणाची तरी मुलगी म्हणून सांगायचं. पण मी म्हटलं, "माझी मुलगी. नाव नव्हतं तिला."

निखिल एकदम माझ्याकडे वळला. मी त्याच्याकडे बघितलं नाही. नऊ दिवसांची होती, तुझ्या आधीची, असं मराठीत भिंतीकडे बघूनच सांगितलं. त्याने पर्स दुसऱ्या हातात घेतली आणि माझा दंड धरला, घट्ट, लहानपणी रस्ता ओलांडताना मी त्याचा धरायचे तसा.

ऑफिसातल्या मुलीने एक जाड वही काढली, पानं अगदी हळू उलटली, आणि एका ओळीवर बोट ठेवून थांबली. मला चष्म्यातूनही दिसेना. डोळेच भरले होते, चष्म्याला काय दोष. निखिलने वाचलं. मार्च महिना, तारीख, आडनाव, बालिका, पूर्वेच्या भिंतीलगत, तिसरी. मी मान हलवली. मग तो थांबला.

"आई, खाली अजून लिहिलंय," तो म्हणाला. "थ्री डेज लेटर. वेगळी शाई आहे." आणि त्याने सावकाश वाचलं, "शेवंती. नेम्ड बाय हर फादर. म्हणजे बाबांनी."

मी खुर्ची ओढून बसले. हे नाव मी यांना एकदाच सांगितलं होतं, ऑक्टोबरमधल्या एका संध्याकाळी, गावातून पायी येताना. दारोदार पायऱ्यांवर शेवंतीच्या कुंड्या होत्या, पिवळ्या, तांबूस, आणि मी म्हटलं होतं, मुलगी झाली तर शेवंती ठेवू या. हे खो खो हसले होते. डॉक्टरची मुलगी आणि शेवंती? आई माझा कान धरेल, म्हणाले होते. सासूबाईंचं नाव वेगळं होतं, कागदावर आलेलं होतं, आणि तेच ठरलं होतं. मीही परत कधी शेवंती म्हटलं नाही. मला वाटलं, ते तिथेच रस्त्यावर विसरले.

नवव्या दिवसानंतर तीन दिवस म्हणजे बारावा दिवस. कोट, टाय, चांगले बूट. बारशाला जायचे कपडे. माझा माणूस इस्पितळात गेलाच नव्हता. तो लेकीच्या बारशाला गेला होता, एकटा, एका म्हाताऱ्या फ्रेंच फादरला बरोबर घेऊन, आणि आईने सांगितलेलं सोडून मी मागितलेलं नाव ठेवून आला होता. आणि घरी येऊन कोट खुंटीला लावून झोपला. का हो नाही सांगितलंत? मला त्रास होईल म्हणून? की मी विचारलं नाही म्हणून?

फॉर्मवर निखिलने नाव लिहिलं. नातं या रकान्यात त्याने माझं लिहिलं, आणि खाली अजून एक ओळ होती तिथे स्वतःचं लिहिलं.

परत आलो तोवर कामगार जेवायला गेले होते. मागच्या अंगणाचं फाटक उघडंच होतं. पूर्वेची भिंत, तिथून तिसरी जागा. ना दगड, ना खूण, नुसतं गवत, आणि कामगारांनी रोवलेलं एक नारिंगी निशाण. नदी दिसत नव्हती पण तिचा वास येत होता. मी बूट काढले. निखिलने बघितलं आणि स्वतःचेही काढले. मग त्याने विचारलं की बारशात नक्की काय करतात. मी सांगितलं, आत्या बाळाच्या कानात नाव सांगते. तो म्हणाला, "बट शी डझंट हॅव वन." मी म्हटलं, नाही. तो चाळीस उलटलेला माणूस, ऑफिसच्या पँटनिशी ओल्या मातीत गुडघे टेकून बसला, खाली वाकला, आणि हळूच म्हणाला, "शेवंतीताई."

ताई त्याला कुणी सांगितलं नव्हतं. त्याने आजवर कुणालाच ताई म्हटलेलं नाही.

मला वाटलं होतं, मी तिच्याशी काहीतरी बोलेन. पण तिच्याशी बोलायचं असं मला काही आठवेना. मी यांच्याशीच बोलले, तिथे अनवाणी उभी राहून, निखिल ऐकतोय याची पर्वा न करता, पन्नास वर्षांत पहिल्यांदा.

"मला सांगितलं असतंत," मी म्हटलं, "तर दोघं मिळून रडलो असतो हो."